रात्री किती जण असतात?

डोंबिवलीत जागा घ्यायची तर माणूस दहा प्रश्न विचारतो. स्टेशन किती मिनिटांवर, पाणी किती वाजता येते, ओसी आहे का, गच्ची गळते का, शेजारी कोण. मेव्हण्याला सोबत नेऊन, एकदा भर पावसात आणि एकदा उन्हाळ्यात बघून, मग टोकन देतो. तोच माणूस अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी बदलापूरला किंवा टिटवाळ्याला केंद्र बघायला जातो, तेव्हा अर्ध्या तासात परत फिरतो. ऑफिसात बसतो, चहा घेतो, दोन खोल्यांत डोकावतो, ‘महिन्याचे किती आणि डिपॉझिट किती’ एवढे विचारतो आणि गाडी पकडतो. त्याला आईची काळजी नसते असे मुळीच नाही. ‘आपल्यावर ही वेळ आलीच कशी’ या ओझ्याखाली त्याची जीभ उचलत नाही; शिवाय फार खोदून विचारले तर समोरचा माणूस जागा नाही म्हणेल, ही भीती असते ती वेगळीच. ही पुस्तिका त्या अर्ध्या तासासाठी लिहिली आहे.

आधी हद्द सांगून ठेवतो. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बहुधा डॉक्टर जोडप्याने चालवलेले दहा-वीस खाटांचे रुग्णालय. तिथे माणूस बरा होऊन घरी यायला जातो. ती रुग्णालये इथे विषय नाहीत. पक्षाघाताने एक बाजू गेलेले, खुब्याचे हाड मोडल्यावर पुन्हा उभे न राहिलेले, पोटात नळी आणि कडेला लघवीची पिशवी घेऊन जगणारे, घरच्यांची नावे विसरलेले, अशांचा जिथे महिनोन् महिने मुक्काम असतो ती ठिकाणे हा विषय आहे. पाटीवर वृद्धाश्रम, शुश्रूषा केंद्र, केअर सेंटर, काहीही लिहिलेले असते.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हा प्रश्न आत्ताच का तुंबला, याचे उत्तर इमारतींत आहे. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतून सत्तर-ऐंशीच्या दशकांत निघालेली कुटुंबे इथल्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींत आली. तिसरा मजला हवेशीर म्हणून हौसेने घेतला. ती जोडपी आता पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत आणि त्या तीन जिन्यांनी त्यांना घरात कोंडले आहे. मुले हिंजवडीला, बंगळूरला, न्यू जर्सीला; किंवा त्याच घरात, पण सकाळची लोकल पकडून रात्री आठला परतणारी. सून नोकरीवर. ब्युरोची बाई येते, महिनाभर टिकते, गावी जाते ती परत येत नाही. मग कुणीतरी एक फोन नंबर देते. मध्य रेल्वेच्या दोन्ही फाट्यांवर, म्हणजे बदलापूर-वांगणीकडे आणि टिटवाळा-खडवलीकडे, जमीन त्यातल्या त्यात स्वस्त, बंगले रिकामे. बरीचशी केंद्रे तिथे निघाली ती यामुळेच.

आणि आपण मराठी माणसे या विषयावर बोललो नाही असेही नाही. नाटकांपासून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फॉरवर्डपर्यंत गेली पन्नास वर्षे आपण एकाच प्रश्नावर डोळे पुसत आलो आहोत: आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवावे की ठेवू नये? 1995 साली युती सरकारने जिल्ह्या-जिल्ह्यांसाठी मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली, तेव्हाही चर्चेचा सूर तोच होता. ठेवल्यावर तिथे काय होते, हे मात्र कुणी फारसे विचारले नाही. माझे स्पष्ट मत आहे की आपल्या या लाजेचा सगळ्यांत मोठा फायदा वाईट केंद्रांना झाला. शेजाऱ्यांना ‘आई बहिणीकडे गेलीय’ असे सांगणारे कुटुंब तक्रार करत नाही, चांगले केंद्र मिळाले तरी दुसऱ्याला नाव सांगत नाही आणि भेटायलाही चोरट्यासारखे जाते. ज्या धंद्यात गिऱ्हाईकच तोंड लपवते तिथे मालाची पारख कोण करणार?

सरकार करते का? कायदे आहेत. 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आजही महाराष्ट्रात लागू आहे. त्याच्या व्याख्येत आजार आणि इजा यांच्या जोडीला दुर्बलताही आहे. अशा माणसांना ठेवून घेऊन जिथे उपचार आणि शुश्रूषा होते ती जागा नर्सिंग होम. शब्दशः वाचले तर नळी आणि पिशवी लावलेले दहा म्हातारे सांभाळणारा बंगला या व्याख्येत बसायला हरकत नसावी. व्यवहारात ही नोंदणी रुग्णालये आणि प्रसूतिगृहे यांच्याभोवतीच फिरते. वृद्धाश्रम म्हणजे समाजकल्याणाचा विषय, अशी समजूत पक्की झाली आहे. जानेवारी 2021 मध्ये त्या कायद्याच्या नियमांत सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आले, स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार निवारण कक्ष आला. तुम्ही बघायला गेलेल्या केंद्राची या कायद्याखाली नोंदणी असेल तर ही सनद भिंतीवर शोधा. नसेल तर का नाही, हे विचारा. दुसरीकडे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा मुख्यतः मुलांनी द्यायच्या निर्वाहखर्चाभोवती आणि निराधारांसाठीच्या वृद्धाश्रमांभोवती फिरतो. पैसे मोजून चालणाऱ्या केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आले खरे, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तूर्त निरीक्षक तुम्हीच.

निरीक्षण कशाचे करायचे, यावर जगात पुष्कळ विचार झाला आहे. बैरुतला जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या एव्हेडिस डोनाबेडियन या डॉक्टरने 1966 साली एक साधी विभागणी मांडली, ती आजही वापरात आहे. साधने काय आहेत, प्रत्यक्षात केले काय जाते आणि माणसाचे शेवटी झाले काय, अशा तीन ठिकाणी बघा. आपण बहुतेक पहिल्याच ठिकाणी अडकतो. एसी आहे, टीव्ही आहे, गणपतीचे छान देऊळ आहे, मागे आंब्याची झाडे आहेत. आंब्याच्या झाडाचा अंथरुणावरच्या माणसाला काय उपयोग, असा प्रश्न तिथे उभे असताना सुचत नाही. बाग मुलाला आवडते आणि चेकवर सही मुलगा करतो.

अमेरिकेत 1987 च्या कायद्याने अशा केंद्रांवर बरीच बंधने आली आणि 2008 पासून सरकार त्यांना एक ते पाच तारे देऊ लागले. पहिली काही वर्षे कर्मचाऱ्यांची संख्या केंद्रे स्वतःच कळवत. स्वतःचा पेपर स्वतः तपासल्यावर गुण चांगलेच पडायचे. 2016 पासून पगारपत्रकावर आधारलेली नोंद सक्तीची झाली आणि पुढे तारे देताना तीच धरली जाऊ लागली. यातला धडा बदलापुरातही उपयोगी आहे. ‘आमच्याकडे चोवीस तास स्टाफ असतो’ हे वाक्य ऐकून मान डोलवू नका. हजेरीपट दाखवा म्हणावे, आणि त्यातही रात्रपाळीचा.

रात्रपाळीच का, हे हिशेबाने बघू. समजा एका मजल्यावर अंथरुणावरचे बारा जण आहेत आणि रात्री आठ ते सकाळी आठ एक मावशी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. बारा तासांत सहा वेळा, बारा जणांची, म्हणजे बहात्तर वेळा. चादर ताणून, पाठ बघून, गुडघ्यांच्या मध्ये उशी देऊन नीट कूस बदलायला पाच मिनिटे धरली तरी सहा तास झाले. रात्रीतून प्रत्येकाचे डायपर दोनदा बदलायचे, पुसून, कोरडे करून, दहा मिनिटे प्रत्येकी: आणखी चार तास. दहा तास झाले. यात कुणी ओरडले, कुणी उलटी केली, कुणाची नळी निघाली, हे धरलेले नाही. मावशीने पाणी प्यायचे, स्वतः बाथरूमला जायचे, तेही नाही. आणि सत्तर किलोच्या माणसाची कूस एकट्या बाईने बदलायचीच नसते. त्यात तिची कंबर जाते आणि फरपटल्याने त्याची कातडी सोलते. म्हणजे दोन माणसे हवीत, आणि हिशेब दुप्पट.

आता त्याच केंद्राची कूस बदलण्याची वही बघायला मागा. बारा जणांपुढे दहा, बारा, दोन, चार, सहा अशा वेळा आणि बरोबरच्या खुणा, महिनाभर एकाही रात्री खाडाखोड नाही, सगळे एकाच पेनाने, एकाच अक्षरात, अशी वही दिसली तर ती एका बैठकीत भरलेली आहे असे समजायला हरकत नाही. खरी वही गचाळ असते. त्यात चहाचा डाग असतो, मध्येच ‘खोकला जास्त’, ‘जेवले नाही, अर्धी वाटी पेज’, ‘मुलीचा फोन’ असे काहीबाही लिहिलेले असते, शुद्धलेखनाच्या चुका असतात, अक्षरे तीन असतात. मला अशी वही दिसली की बरे वाटते.

वहीपेक्षा खरे बोलते ते शरीर. तुमचे माणूस तिथे ठेवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत एकदा मोजे काढून टाचा बघा. मग कुणाच्या तरी मदतीने कुशीवर वळवून माकडहाडाची जागा बघा, खुबे बघा, कोपरे बघा, डोक्याची मागची बाजूही. लालसर डाग दिसला तर त्यावर अंगठा दाबून उचला. दाबल्यावर पांढुरका होऊन परत लाल झाला तर रक्त खेळते आहे. लाली जशीच्या तशी राहिली तर ती बेडसोरची पहिली पायरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, ही गोष्ट परदेशी चित्रे बघून शिकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. तिथे काळपट-जांभळट रंग, आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागणारी जागा, यावरून ओळखायचे. या पायरीला ती जखम थांबवता येते. कातडी फाटून खड्डा पडला की मात्र महिने जातात, आणि तिथूनच जंतुसंसर्ग होऊन माणसे दगावतात. हवेची गादी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. गादी फुगलेली आहे का आणि मशिनची पिन प्लगात आहे का, तेवढे हात लावून बघा.

मग तोंड उघडायला सांगा. जीभ कोरडी, वर पांढरा थर, दातांत कालचा भात असेल तर तोंड कुणी धूत नाही. नखे बघा. लघवीची पिशवी खाटेच्या खालच्या अंगाला टांगलेली हवी, पण फरशीला टेकलेली नको. आतला रंग गडद चहासारखा असेल तर पाणी कमी पाजले जाते आहे, निदान डॉक्टरांना दाखवायला हवे. पाणी कमी पाजण्यामागे दर वेळी दुष्टपणा नसतो. कमी प्यायले की डायपर कमी बदलावे लागते, एवढे साधे गणित एकट्या पडलेल्या मावशीला आपोआप सुचते. दंडाला टेप लावून घेर मोजून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. उभे राहता न येणाऱ्याचे वजन घेणे कठीण, पण दंड खोटे बोलत नाही.

भेटीची वेळ चार ते सहा असेल तर एकदा जेवणाच्या वेळी जायची परवानगी मागा. ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांना टेकवून बसवून, छोट्या चमच्याने, घास गेला का बघत भरवायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि नंतरही अर्धा तास बसते ठेवावे लागते. आडवे ठेवून सात मिनिटांत वाटी संपवली तर अन्न श्वासनलिकेत जाते. पुढे न्यूमोनिया होतो आणि कागदावर ‘वयोमान’ लिहिले जाते. जेवणाच्या वेळी आत सोडायलाच नकार मिळाला, तर त्याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा.

एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही: बांधून ठेवणे. मनगट ओढणीने खाटेच्या दांडीला बांधतात, ‘नळी उपसतात हो, काय करणार’ म्हणतात. कधी ते खरेही असते. पण तात्पुरते बांधणे कुणाला विचारून, किती वेळ, कुठे लिहून, याची उत्तरे हवीत. झोपेची गोळी हा त्याच दोरीचा न दिसणारा प्रकार. दुपारी तीन वाजता सगळा हॉल गाढ झोपलेला दिसला आणि मॅनेजर कौतुकाने ‘बघा किती शांत’ म्हणाला, तर औषधांची यादी मागा आणि आपल्या डॉक्टरला दाखवा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या वाट्याला हे सर्वाधिक येते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे कोणत्याही केंद्रात असे रुग्ण असणारच. ‘आम्ही तसले पेशंट घेत नाही’ म्हणणाऱ्या केंद्रात ते नसतात असे नव्हे, ओळखलेले नसतात.

वास आणि कॅमेरा या दोन गोष्टींवर लोक फार विसंबतात. फिनेलचा घमघमाट हे स्वच्छतेचे लक्षण मानू नका, आणि दुपारी कधीतरी लघवीचा वास आला म्हणून लगेच नापासही करू नका. अर्ध्या तासाने तो गेला का ते बघा. कॅमेऱ्यात माणूस दिसतो, टाच दिसत नाही.

आपल्या भागाचे म्हणून काही प्रश्न आहेत. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, हजारावर प्रवासी सोडवावे लागले, ते सर्वांनी टीव्हीवर पाहिले. त्याच पट्ट्यात तळमजल्यावर अंथरुणावरची माणसे ठेवणारी केंद्रे आहेत. पाणी चढले तर यांना वर कोण आणि कसे नेणार, हे विचारा. 28 एप्रिल 2021 च्या पहाटे मुंब्र्यातल्या एका खासगी रुग्णालयात आग लागली आणि रुग्णांना हलवताना चार जण गेले; आगीची वेळ रात्रीचीच होती, आणि रात्री किती हात असतात हा प्रश्न तिथेही आलाच. आगीच्या यंत्रणेचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. ते बघायला मागणे हा उद्धटपणा नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना करोना झाला, आणि त्यांतल्या बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झालेले होते. ताप आलेल्याला वेगळे ठेवायला एक तरी खोली रिकामी असते का, बघा. आणि 108 ला फोन केल्यावर कुठल्या रुग्णालयात नेणार, वाटेत कुठला पूल आणि कुठले फाटक, हेही. जुना पत्रीपूल 2018 मध्ये पाडल्यानंतर नवा होईपर्यंत कल्याणकरांनी जे भोगले ते आठवत असेल, तर हा प्रश्न कुणाला किरकोळ वाटणार नाही.

मालकाशी बोलून झाले की मावशींशी बोला. इथे किती वर्षे आहात, हा एकच प्रश्न पुरतो. पाच खाटांमागे तीन वर्षे टिकलेली एक बाई असेल तर तिला माहीत असते की आजोबांना डाव्या कुशीवर दम लागतो आणि आजी दूध नको म्हणत असल्या तरी साखर घातली की पितात. दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर हे ज्ञान दर दोन महिन्यांनी पुसले जाते. ती का सोडून जाते, तेही ऐका: बारा तासांची पाळी, सुट्टी नाही, झोपायला पॅसेजमधली सतरंजी, आणि नातेवाइकांचा ‘ए बाई’ हा सूर. बाईला साप्ताहिक सुट्टी देणारे केंद्र थोडे महाग पडणारच. पैसे कुठे वाढवून द्यायचे असतील तर ते बागेपेक्षा इथे द्यावेत, असे मी म्हणेन. एएनएम किंवा जीएनएम झालेली नर्स दिवसातून निदान एकदा प्रत्येक खाटेपाशी येते का, हेही मावशीच खरे सांगेल.

नातेवाइकांचा वावर जिथे जास्त, तिथे कारभार सुधारतो. बदलापूरजवळ मुळगावला बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी ‘आधार’ ही संस्था पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. तिथे प्रश्न विचारणारे आणि उत्तर देणारे वेगळे नव्हते. वृद्धांच्या बाबतीत असे क्वचितच होते, कारण मुक्काम तुलनेने थोडा आणि मुले विखुरलेली. तरी एकाच केंद्रातल्या चार-पाच कुटुंबांनी आपापसांत फोन नंबर घेऊन आळीपाळीने जायचे ठरवले, तर आठवड्यातून तीन-चार वेळा कुणी ना कुणी तिथे असते. अडचण फारच झाली तर ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

केंद्र चालवणाऱ्यांचीही एक बाजू आहे, आणि ती टाळली तर ही पुस्तिका लंगडी होईल. डिपॉझिट भरून नंबर बदलणारी मुले त्यांनी पाहिली आहेत. रात्री दोनला धाप लागली म्हणून फोन करावा, तर धाकटा म्हणतो दादाला विचारा, दादाचा फोन बंद, आणि बहीण अमेरिकेतून ‘व्हेंटिलेटर लावाच’ म्हणते. म्हणून शेवटचे पान आम्ही कुटुंबाने भरून केंद्राला देण्यासाठी ठेवले आहे. त्यात आईला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, चष्मा आणि कवळी कुठली, उपास कोणते, औषधाची अ‍ॅलर्जी कोणती, हे आहे. आणि रात्री निर्णय कोण घेणार त्या एकाच माणसाचे नाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये जीवनेच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही एवढ्यावर ते होते. आईची समज शाबूत असेल तर दाखल करण्याआधीच तिला विचारून हा कागद करून घ्यावा, आणि त्याची एक प्रत त्या पानाला टाचून द्यावी.